पितृपंधरवड्यातला कॅमेरा

गणपती गेले की पनवेलचं ऊन बदलतं. चार महिने ज्याची वाट बघितली ते ऊन येतं आणि दोन दिवसांत नकोसं होतं. आमच्या खांदा कॉलनीतल्या सोसायटीच्या गच्चीवर गाद्या, उशा, लोकरीच्या शाली, कपाटाच्या तळाशी गेलेल्या जरीच्या साड्या असं सगळं बाहेर येतं आणि जिन्यात दमट कपड्यांचा आणि डांबरगोळ्यांचा वास भरून राहतो. मागच्या मोकळ्या प्लॉटवर कमरेएवढं गवत असतं, त्यावर चतुर उडत असतात. यंदा डोक्यावरून विमानंही जायला लागलीत. गाद्या उलटणाऱ्या बायका हात थांबवून वर बघतात, हे कुठे चाललं असेल यावर त्यांचं एकमत होत नाही, आणि त्या परत गाद्यांकडे वळतात. काल मीही आमच्या तीन गाद्या घालून आले.

गेल्या वर्षी ह्याच उन्हात मी कॅमेरा शोधत होते. खिशात मावेल, प्रवासाला नेता येईल असा साधा डिजिटल कॅमेरा. हे वाक्य मी तेव्हा इतक्यांना ऐकवलं की ते पाठ झालं होतं. आणि ऐकणारा प्रत्येकजण एकच म्हणायचा, अहो, फोनमध्ये आहे की. जणू मला ते माहीतच नव्हतं. मी बँकेत तीस-एक वर्षं काउंटरवर बसले आहे, समोरच्याला जे ठाऊक आहे तेच त्याला पुन्हा समजावून सांगणारी माणसं मला नवीन नाहीत. मी मान डोलवायचे.

तन्मय आमचा एकुलता एक. फाल्गुनात त्याला ताप आला, नेहमीसारखी गोळी घेऊन झोपला, आणि आठवडा पुरा व्हायच्या आत तो नव्हता. सत्तावीस वर्षांचा होता. याहून जास्त तपशील मी कुणाला देत नाही, कारण ऐकणारा लगेच कुठे काय चुकलं ते शोधायला लागतो आणि मग मलाच त्याची समजूत घालावी लागते.

लोक म्हणत होते, रडा, मोकळ्या व्हा. मला रडू येत नव्हतं. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर ओठ आपला वाटत नाही, चहा घेतला तर बाजूने ओघळतो, तसं माझं सगळंच झालं होतं. आमटीत मीठ पडलंय की नाही हे मी अरुणच्या तोंडाकडे बघून ठरवायचे. अरुण म्हणजे माझा नवरा. त्याच्या तोंडावरही काही दिसायचं नाही, त्यामुळे ते सहा महिने आम्ही काय खाल्लं देव जाणे. टीव्ही चालू असायचा. दूधवाला येऊन जायचा. दु:ख झालं असं म्हणायला सुद्धा कुणीतरी घरात हजर असावं लागतं, तसं कुणी नव्हतं.

फोनची गोष्ट अशी झाली होती की त्याला कुणी न सांगता आठवणी काढायची खोड लागली होती. सकाळी मी ओट्याशी असायचे, फोन टिंग करायचा आणि आपल्या मनाने चित्रांची एक फीत करून, वर संगीत लावून दाखवायचा. तन्मय कर्नाळ्याच्या पायथ्याशी टपरीवर भजी खातोय. तन्मय नव्या बुटांचं खोकं उघडतोय. तन्मय मला 'आई, हलू नको' म्हणत माझाच फोटो काढतोय आणि त्याचं बोट अर्ध्या फोटोत आलंय. खाली बासरीसारखं काहीतरी वाजत असायचं. कुकरची शिट्टी व्हायची आणि मी गॅस बारीक करायचे.

पुढे आमच्या घरच्या एका बारशाला मी पाळण्याचा फोटो घ्यायला फोन उचलला, तर त्यावर अक्षरं आली की जागा शिल्लक नाही, काही फोटो काढून टाका. मी फोन पर्समध्ये ठेवला. एक भाचा चांगल्या मनाचा आहे, तो म्हणाला, मावशी, मी सगळं इंटरनेटवर चढवून देतो, फोन एकदम मोकळा होईल. मला फोन मोकळा नको होता. तो भरलेलाच हवा होता, फक्त त्यात आता आणखी काही घालायचं नव्हतं. हे त्याला कसं सांगणार, म्हणून मी त्याला बारशाचे पेढे आणखी दोन दिले.

त्यात माझ्या थोरल्या नणंदेने, पुण्याच्या वन्संनी, आम्हाला न विचारता दिवाळीनंतरच्या कच्छच्या सहलीत आमची दोघांची नावं घातली. वन्सं अशाच आहेत. त्या फोनवर म्हणाल्या की घरात बसून तुम्ही दोघं भिंती झाला आहात, तिथलं पांढरं रण बघा, चार माणसांत मिसळा. मी अरुणला सांगितलं. तो 'बरं' म्हणाला. तेव्हा तो प्रत्येक गोष्टीला 'बरं' म्हणायचा, त्यामुळे त्याचा अर्थ काही लागायचा नाही. तन्मय जन्मल्यापासून आम्ही दोघंच असे कुठेही गेलेलो नव्हतो. अगदी मोरा बंदरावर जाऊन लाँच बघत बसायचं झालं तरी तिघं. आता आम्हाला दोघं म्हणून घराबाहेर पडता येईल का, की निघायच्या दिवशी पायातल्या चपला काढून परत सोफ्यावर बसू, याची मला भीती वाटत होती. एवढी एकच गोष्ट तेव्हा मला वाटत होती, म्हणून ती मी जपून धरली. सहलीला जायचं तर कॅमेरा हवा, रिकामा, ज्यात कुणीही नाही असा. म्हणून मी कॅमेरा शोधायला लागले.

खरं तर आमच्या घरात वस्तू निवडणं हे अरुणचं खातं. तो रसायनीच्या एका कारखान्यात माल तपासायच्या विभागात होता. कामावरची सवय घरात आली होती. साधा मिक्सर घ्यायचा तर तो जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर रकाने आखायचा, चार दुकानं फिरायचा, आवाज किती येतो ते डोळे मिटून ऐकायचा. तन्मय त्याच्या उलट. त्याला नवी वस्तू आली की पहिल्या दिवशी हवी असायची. दोघं जेवताना भांडायचे, मी मध्ये पोळ्या वाढायचे. कॅमेऱ्याचं मी अरुणला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "तूच बघ." कॅलेंडर खाली घेतलं नाही.

मग मी बघितलं. दुपारी पंख्याखाली आडवी पडून मी त्या पोरांचे व्हिडिओ ऐकायचे, जे सुरुवातीलाच आपल्याला मित्र म्हणतात आणि मग वीस मिनिटं डब्याचं झाकणच उघडत असतात. त्यांच्याकडून मला बरंच कळलं. कॅमेरा जितका लहान तितकं त्याचं आतलं प्रकाश टिपणारं भिंग-पडद्याचं प्रकरणही लहान, म्हणून संध्याकाळी फोटो मातकट येतात. ज्यांचं ते मोठं असतं त्यांना झूम कमी. ज्यांना झूम भरपूर ते खिशात मावत नाहीत. उन्हात मागच्या पडद्यावर काही दिसत नाही, म्हणून डोळा लावायची खिडकी असलेला बरा, पण तसे आता फार येत नाहीत. बॅटरी एक जादा घ्यावी. हे सगळं मी मनापासून ऐकत होते. एखाद्या गोष्टीला इतक्या बाजू असाव्यात आणि त्यातली एकही बाजू आपल्याला दुखवू नये, याचं मला फार बरं वाटायचं.

जुन्या पनवेलच्या बाजारात हमीदभाईंचं दुकान आहे. पूर्वी तिथे रोल धुऊन मिळायचे, मग कॅमेरे आले, आता दर्शनी भागात फोनची कव्हरं लटकतात आणि कॅमेरे मागच्या काचेत गेलेत. त्यांचा भाऊ कुवेतला असतो, त्यामुळे दुकानात एखादी वस्तू अशी असते जी इतर कुणाकडे नसते. तन्मयचे हेडफोन, त्याचे चार्जर, सगळं त्यांच्याकडचं. मी पहिल्यांदा पायरी चढले तेव्हा मला धडकी होती की हे आता 'पोरगा काय म्हणतो' विचारणार. त्यांना कळलेलं होतं. त्यांनी टेबलफॅनचं तोंड माझ्याकडे केलं आणि पाण्याची बाटली पुढे ठेवली.

तेव्हा दुकानात कॉलेजच्या दोन मुली होत्या. त्यांना तळातल्या खणातला, दहा-पंधरा वर्षं न विकलेला कॅमेरा हवा होता, कारण त्यातून फोटो जरा खराब येतात. हल्ली ती फॅशन आहे म्हणे. फोटो कालच काढला तरी जुना दिसला पाहिजे, हसणारे चेहरे थोडे धुरकट पाहिजेत. हमीदभाई हसून म्हणाले की तेव्हा ह्याच खराब फोटोसाठी गिऱ्हाइकं भांडायला यायची. मुली खूश होऊन गेल्या. मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. त्यांचं वय तेवढंच होतं, जेवढ्या वयात आठवणी विकत मिळतात.

हमीदभाईंनी माझ्यासमोर तीन-चार कॅमेरे मांडले. खिशात मावतो, असं प्रत्येकाबद्दल सांगत होते. मी विचारलं, माझ्या कुठल्या खिशात? साडीला खिसा नाही, पंजाबी ड्रेसला शिंपी विसरतो. ते जरा गोंधळले, मग स्वत:च्या सदऱ्याच्या खिशात घालून दाखवू लागले. एकाला लांबचा पक्षी जवळ आणायचं झूम होतं, तो मी बाजूला केला. एकाचा पडदा उलटा वळायचा, म्हणजे आपला फोटो आपणच काढायचा, तोही नको म्हटलं. एक होता अंगाच्या साबणाच्या वडीएवढा, काळा, मनगटात अडकवायच्या दोरीचा. तो हातात घेतल्यावर बरा वाटला. हमीदभाई म्हणाले, ह्याच्यात फोटो काढला की आपोआप फोनमध्ये जाऊन बसतो.

मी म्हटलं, "न जाणारा दाखवा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मागच्या खोलीत जाऊन तसलाच, पण एक पिढी जुना घेऊन आले, जो फोनशी काही बोलत नाही. मी तोच नक्की केला आणि पर्स उघडली, तर त्यांनी हात आडवा केला.

"वैनी, पितरपाख चाललाय. तुमच्यात ह्या दिवसांत नवीन काय घेत नाय. मी ठेवून देतो ना बाजूला, नवरात्रात घेऊन जावा. चीज कुठे पळून जात नाय."

बाजारात नजर टाकली तर खरंच शुकशुकाट होता. भांड्यांची दुकानं, कपड्यांची, सोनाराची, सगळीकडे मालक पेपर वाचत बसलेले. ह्या पंधरवड्यात पनवेलची निम्मी दुकानं नुसती झाडून ठेवलेली असतात, आणि ही रीत हमीदभाईंच्या घराण्याने तीन पिढ्या आमच्यापेक्षा चोख पाळलेली. नव्या वस्तूचा आनंद गेलेल्यांच्या दिवसांत करू नये, एवढंच मला त्यामागचं ठाऊक. मी 'बरं' म्हणून घरी आले. रिक्षात माझ्या लक्षात आलं की मीही आता अरुणसारखं बरं म्हणायला लागले आहे.

घरी आल्यावर मात्र मला राग आला. फाल्गुनानंतर पहिल्यांदा आला, म्हणून तो ओळखायला जरा वेळ लागला. ज्याच्यासाठी आम्ही हा पंधरवडा पाळायचा होता तो नव्या वस्तूसाठी जीव टाकायचा. खोक्यावरचा प्लास्टिकचा कागद फाडताना त्याला कुणी हात लावलेला चालायचा नाही. आणि त्याच्या नावाने आम्ही काय करायचं, तर नवं काही घ्यायचं नाही आणि त्याने जन्मात तोंडाला न लावलेली गवारीची भाजी करायची.

गुरुजींनी फोनवर सांगितलं होतं की अजून वर्ष झालेलं नाही, म्हणून विधी वगैरे काही नको, पण मनाला वाटत असेल तर पंचमीला एक पान वाढा, लग्न न झालेल्यांची ती तिथी. बापाने मुलाचं करायचं म्हणजे काय करायचं, हे अरुणने त्यांना विचारलं नाही आणि त्यांनीही सांगायचं टाळलं. चतुर्थीला मी भाजी आणायला गेले. उरणकडून येणाऱ्या बायका ह्या दिवसांत रस्त्याकडेला भोपळा, कारली, गवार, भेंडी, अळू असं सगळं थोडं थोडं मांडून बसतात, कारण पितरांच्या पानात सगळं लागतं. मी जिच्यापुढे बसले ती माझ्याच वयाची होती. अळूची पानं निवडत तिने सहज विचारलं, "किती पानं वारायची हायत, ताई?"

मी म्हटलं, एकच.

"म्हातारा हाय का म्हातारी?"

"म्हातारा," मी म्हणाले.

तिने वर दोन मिरच्या आणि आल्याचा तुकडा टाकला. म्हाताऱ्यांना चमचमीत लागतं, म्हणाली. मी पिशवी घेऊन चालत घरी आले. वाटेत मला एवढंच जाणवत होतं की पिशवीचा बंद बोटाला रुततोय.

पंचमीला पान वाढलं. खीर, वडे, आमसुलाची चटणी, अळू, सगळं. अरुण ते गच्चीवर ठेवून आला आणि सोफ्यावर बसला. वर सोसायटीच्या गाद्या वाळत होत्या, त्यातून वाट काढत त्याला जावं लागलं, असं म्हणाला. पानाला कावळा शिवला की नाही हे मी विचारलं नाही. खिडकीतून ऊन थेट जेवणाच्या टेबलावर येत होतं. जेवायला दोन ताटं घेतली आणि दोघांनी दोन घास खाऊन ती ठेवून दिली. त्या घरात तेव्हा बसवेना. मी म्हटलं, "चल, बाजारात जाऊन येऊ." अरुणने कशाला म्हणून विचारलं नाही, पण उठला आणि पायात चपला घातल्या.

हमीदभाई पेपर वाचत होते. आम्हाला दोघांना बघून उभे राहिले. मी सांगितलं की कॅमेरा आजच न्यायचाय. ते काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात मी म्हटलं की आज तन्मयचीच तिथी आहे, आणि त्याला खिरीपेक्षा हेच आवडलं असतं. बोलताना माझा आवाज अगदी साधा निघाला, दूध संपलंय सांगावं तसा. हमीदभाईंनी मान खाली घातली, काच सरकवली आणि खोकं अरुणच्या हातात दिलं. वरचा प्लास्टिकचा कागद अरुणने फाडला. मग चष्मा कपाळावर चढवून त्याने कॅमेरा उलटसुलट केला, बटणं दाबली, झाकणाची खिट्टी दोनदा उघडून लावली. ती तपासायची त्याची पद्धत मी कितीतरी महिन्यांनी बघत होते.

हमीदभाईंनी कार्ड घातलं. एक फोटो घेऊन बघू, चेक करूनच देतो, म्हणाले, आणि आम्हाला दुकानाबाहेर पायरीशी उजेडात उभं केलं. समोरून एक टेम्पो गेला, तो जाईपर्यंत ते थांबले. मी पदर नीट केला. अरुणने हात मागे घेतले. फोटो काढताना माणूस कसा उभा राहतो हे आपण ठरवत नाही, पाय आपोआप आपल्या जागी जातात.

हमीदभाईंनी कॅमेरा डोळ्यांसमोर धरला आणि मान बाजूला काढली. "थोडं सरका ना जवळ. मधे जागा ऱ्हातेय."

आम्ही दोघांनीही ऐकलं. दोघंही हललो नाही. सरकायचं नाही असं काही मनात नव्हतं, पण पाय उचलले गेले नाहीत. त्यांनी क्षणभर वाट बघितली आणि बटण दाबलं.

मग आम्ही तिघं त्या छोट्या पडद्यावर वाकलो. हाताने सावली करून बघावं लागलं. फोटो स्वच्छ आला होता. डावीकडे मी, उजवीकडे अरुण, आणि दोघांच्या मध्ये दुकानाचं दार, लटकणारी कव्हरं, एक रिकामं स्टूल. दहावीत तन्मय आमच्याहून उंच झाला, तेव्हापासून प्रत्येक फोटोत तो मध्ये घुसायचा आणि दोन्ही हात आमच्या खांद्यांवर टाकायचा. त्याला जेवढी जागा लागायची तेवढीच आम्ही सोडली होती. कुणी मापून सोडली असती तरी इतकी बरोबर आली नसती.

"हा बराबर नाय आला," हमीदभाई पुटपुटले. त्यांचं बोट पुसायच्या बटणावर गेलं होतं. "उडवून टाकतो, दुसरा काढू."

"नको," अरुण म्हणाला. "राहू द्या."

त्याने कॅमेरा त्यांच्या हातातून घेतला आणि पडद्यावर पुन्हा हाताची सावली धरली.

"तिघांचा आहे तो."